कोरडे झाकण

९ ऑक्टोबर, गुरुवार

स्वस्ति श्री. नगरपालिका-जलनिःसारण-खाते-उपप्रमुखपदविभूषित (सांप्रत निवृत्त), सकलगटारमार्तंड, तुंबलेल्या मोऱ्यांचे मर्दनकर्ते, नापितशालेय (म्हणजे न्हाव्याच्या दुकानातील) बुद्धिबळस्पर्धेचे त्रिवार चक्रवर्ती (पैकी एक विजय प्रतिपक्षाच्या मते वादग्रस्त), हायकुमंडळाचे आजीव अध्यक्ष आणि बहुतेक बैठकांचे एकमेव श्रोते, श्रीमान तोकुजिरो उसामि, वय वर्षे पंचावन्न, हे आपल्या धर्मपत्नी फुमिए यांच्यासह आज दुपारी सव्वातीनच्या बसने शिरिकोतो सरोवराच्या काठी सुखरूप अवतीर्ण झाले. बसचालकाने तुतारी न फुंकता केवळ हॉर्न वाजवला. त्यास उदार अंतःकरणाने क्षमा करण्यात आली.

सरोवर वर्तुळाकार आहे. एका पर्वताने संतापाच्या भरात स्वतःचेच मस्तक उडवून दिले आणि उरलेल्या खळग्यात पाणी साचले, असा त्याचा इतिहास. आमच्या खात्यातील काही वरिष्ठांचे चरित्रही असेच होते. काठाकाठाने जमिनीतून वाफ निघते; मध्यभागी मात्र पाणी हाडे गोठवणारे. गंधकाचा वास पहिली दहा मिनिटे येतो. पुढे मनुष्य स्वतःच त्या वासाचा होतो आणि तक्रारीस जागा उरत नाही.

पांथगृहाचे नाव मिझुकागामि. दारात किनुबाई नावाची, चाळिशी ओलांडलेली सेविका गुडघे टेकून बसली होती. मला पाहून ती रीतसर वाकली. फुमिएचे मात्र तिने दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाली, "मिनेगिशि बाईसाहेब, अगदी होता तश्शाच आहात हो." जी बाई पंधरा वर्षे कायद्याने आणि शिधापत्रिकेने उसामि आहे, तिला हे संबोधन! फुमिएने चूक सुधारली नाही. मी घसा खाकरला. दोघींनी ती सर्दी समजून मला गरम चहा दिला.

प्रकरणाचा पूर्वेतिहास येथे नोंदवणे प्राप्त आहे. चोवीस वर्षांपूर्वी फुमिए याच पांथगृहात मधुचंद्रास आली होती; माझ्यासमवेत नव्हे. वराचे नाव इसाओ मिनेगिशि, वय एकोणतीस. तिसऱ्या दिवशी, म्हणजे ११ ऑक्टोबरला, तो दुपारच्या जेवणाआधी येथली होडी घेऊन निघाला. किनुबाई तेव्हा वीस वर्षांची. ती ताटे मांडत होती. जाता जाता तो तिला म्हणाला, "सूप गार होऊ देऊ नका, आलोच." होडी वाऱ्याने परत आली. तो आला नाही. हे सरोवर तळाशी इतके थंड आहे की बुडालेला मनुष्य कधी वर येत नाही. सात वर्षांनी न्यायालयाने त्यास मृत ठरवले. आणखी दोन वर्षांनी फुमिएने माझ्याशी विवाह केला.

न्यायालयाचा निर्णय मला मान्य आहे. फुमिएला मान्य आहे किंवा कसे, हे पंधरा वर्षांत उमगलेले नाही. ते उमगावे म्हणूनच निवृत्तीचे निमित्त करून हा प्रवास मी योजला. याच काठावर उभे राहून तिने एकदा म्हणावे, की माझा नवरा तुम्ही. एवढीच माफक अपेक्षा. ताम्रपट नको.

सायंभोजनास खोलीत तीन ताटे आली. तिसरे ताट खिडकीपाशी, सरोवराकडे तोंड करून, रिकाम्या आसनापुढे मांडले. भात, मिठात भाजलेला तळ्यातला मासा, मुळ्याचे लोणचे, लाखेच्या वाटीत वाफाळते सूप आणि वर झाकण. फुमिए येणार हे कळल्यावर किनुबाईने हे स्वतःच्या अधिकारात केले. परगावी गेलेल्या माणसाच्या नावाने ताट वाढण्याची रीत मला अपरिचित नाही. युद्धकाळात माझ्या मातोश्रींनी माझ्या नावाने चार वर्षे वाढले. रोज त्या सूपच्या वाटीचे झाकण उचलून आत पाहत; आत दव धरले असेल तर मुलगा जिवंत, कोरडे असेल तर बोलायचे नाही. एकदा धाकट्या भावाने त्या ताटातला मासा लांबवला. मातोश्री त्याला म्हणाल्या होत्या, की दादाचे ताट खातोस तर जा आता दादाच्या जागी. तो बिचारा दोन दिवस बूट घालून रडत बसला होता.

किनुबाईने झाकण उचलले. सूप उकळते, वाफ डोळ्यांना दिसत होती. झाकण आतून लखलखीत कोरडे. तिने ते परत ठेवले. फुमिएने एक निःश्वास सोडला.

त्या निःश्वासाची लांबी मी मोजली. माझ्या वाट्याला आजवर त्याच्या अर्ध्या लांबीचाही आलेला नाही.

किरकोळ: खिडकीपाशीच्या त्या आसनाची खिडकी बोटभर उघडी राहते, लाकूड फुगले आहे. सरोवरावरचा वारा नेमका बसणाऱ्याच्या मानेवर येतो. किनुबाईच्या निदर्शनास आणले. उद्या सुताराला सांगते म्हणाली. घाई नाही, असे मी म्हटले. तेथे बसणाऱ्यास सर्दी होण्याची भीती नाही. फुमिए हसली नाही.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

प्रातःस्नान. पुरुषांचे उघड्यावरचे कुंड सरोवरालगत आहे. मध्ये केवळ काळ्या दगडांचा बांध. पाणी इतके उष्ण की प्रथम पाय, नंतर तत्त्वज्ञान, शेवटी पोट या क्रमाने आत जावे लागते. पलीकडच्या टोकाला वाफेत एक गृहस्थ पाठमोरे बसले होते. काळे, दाट, ओले केस. मी यथाविधी सुप्रभात केले. उत्तर नाही. तरुण पिढीस शिष्टाचार नाही आणि केस आहेत; सृष्टीचा हा अन्याय मला नवा नाही. डोळ्यांवरचे पाणी पुसून पाहिले तोवर ते गेलेही होते. बांधावर ओली पावले होती. ती सरोवराच्या बाजूस उतरली होती. थंड पाण्यात डुंबण्याचा षौक, दुसरे काय.

ओसरीत एक जुने छायाचित्र टांगले आहे. होड्यांच्या शर्यतीचा विजेता म्हणून वल्हे उंचावून हसणारा एक मनुष्य. पायजमा गुडघ्यापर्यंत, दंड ओकवृक्षासारखे. खाली नाव लिहिण्याची गरज नव्हती. फुमिए त्यापुढे थांबली तशी कोणत्याही गटाराच्या नकाशापुढे कधी थांबली नाही. आल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याने ही शर्यत जिंकली म्हणे. मी म्हटले, की एवढे वल्हवता येत होते तर परत का आला नाही. तिने माझ्याकडे पाहिले आणि शांतपणे म्हणाली, "अहो, मेलेल्या माणसाशी काय हो शर्यत लावलीय?"

मुद्दा तिला कळलेलाच नाही. जिवंत माणसाशी शर्यत लावता येते. तो म्हातारा होतो, त्याला ढेकर येते, तो निवृत्त होतो. हा मनुष्य चोवीस वर्षे एकोणतीस वर्षांचाच आहे. त्याने फुमिएला कधी मोजे कुठे आहेत हे विचारलेले नाही. त्याचा एकही विनोद दुसऱ्यांदा सांगून झालेला नाही. अशा प्रतिस्पर्ध्यापुढे मनुष्याने करावे तरी काय?

दुपारी वाफेच्या झऱ्यात उकडलेली अंडी विकत घेतली. काळ्या कवचाची. फुमिएने चार सोलली. दोन मला दिली, दोन खिडकीपाशीच्या ताटात ठेवली.

त्याची मोठी होती.

११ ऑक्टोबर, शनिवार

आज तो दिवस. फुमिए किनुबाईसोबत काठावर फुले सोडायला गेली. मला चला असे कोणी म्हणाले नाही. जाण्यापूर्वी किनुबाई दुपारची ताटे मांडून गेली होती. खोलीत मी आणि तीन ताटे.

जे झाले ते यथातथ्य नोंदवतो. कार्यालयीन शिस्त निवृत्तीबरोबर जात नसते. मी माझे ताट संपवले. मग बराच वेळ त्या ताटाकडे पाहत बसलो. झाकण उचलून पाहिले, कोरडे. मग उठलो, त्या आसनावर जाऊन बसलो आणि ते ताट खाल्ले. भात, मासा काट्यांपर्यंत, मुळ्याचे लोणचे, सूप शेवटच्या थेंबापर्यंत. तेच स्वयंपाकघर, तेच तळे, तोच मासा. पण चव म्हणाल तर माझ्या ताटात असे काही आजवर आले नव्हते. सूप बाहेरून वाफाळत होते आणि घशाखाली बर्फासारखे उतरत होते. खिडकीतून वारा मानेवर येत होता. वाटीवर झाकण पूर्ववत ठेवून मी माझ्या जागी परतलो. ज्या शत्रूने पंधरा वर्षे माझ्या घरी फुकट मुक्काम ठोकला, त्यास मी एका बैठकीत गिळले होते. आता फुमिए परत आली की ताट रिकामे दाखवायचे आणि म्हणायचे, बघ, येथे कोणी नाही, येथे मीच आहे. भाषण तयार होते. त्यात दोन सुभाषिते होती.

दोघी परतल्या. किनुबाईची नजर ताटावर गेली. ती ताटापुढे बसली. तिने झाकण उचलले आणि आमच्याकडे वळवले. आतून दवाने डबडबले होते. थेंब ओघळून तिच्या मनगटावर पडले.

फुमिए एकच शब्द बोलली. "आले."

तिचा चेहरा मी पंधरा वर्षे पाहत आहे. असा पाहिला नव्हता. वीस-बावीस वर्षांच्या मुलीचा चेहरा होता तो. भाषण माझ्या घशाखालीच राहिले, त्या सूपसारखे. त्या क्षणी सत्य सांगावे तर मी पत्नीच्या पहिल्या पतीचे जेवण चोरून खाणारा मनुष्य ठरत होतो. न सांगावे तर तो जिवंत ठरत होता. मी घसा खाकरला.

या वेळी चहासुद्धा कोणी दिला नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

न्याहारीला त्याच्या झाकणाला दव. माझ्या झाकणास नाही. स्वयंपाकघराने मला गार सूप दिले असे मी म्हटले. किनुबाई म्हणाली, की एकाच पातेल्यातले आहे, साहेब.

फुमिएने निळे रेशमी वस्त्र काढले. ते तिने आणले होते हेच मला ठाऊक नव्हते. केस वर बांधले. खिडकीकडे तोंड करून बसली.

अखेर मी कबुली दिली. कालचे ताट मी खाल्ले, मत्सराने खाल्ले, क्षमा असावी, असे सरळ शब्दांत. एकही समास न वापरता. तिने ऐकून घेतले. मग हळू म्हणाली, "चोवीस वर्षांनी मला एक गोष्ट मिळाली. तीही तुम्हाला तुमच्याच नावावर हवी?"

विश्वास बसला नाही तिचा. मी आयुष्यभर विनोद केल्याचे हे फळ.

म्हणून होडी. होय, या वयात. विचार असा: तो होडी घेऊन गेला आणि परतला नाही. मी जाईन आणि परतेन. एवढा एक विक्रम माझ्या नावे राहील, आणि तो त्याला कधी मोडता येणार नाही. साडेअकराला निघालो. ओसरीत किनुबाई ताटे घेऊन येत होती. तिला पाहून जीभ आवरली नाही. मी एक हात उंचावून, छायाचित्रातल्या ऐटीत म्हणालो, "सूप गार होऊ देऊ नका, आलोच."

मागून तिने काहीतरी म्हटले. वाऱ्यात ऐकू आले नाही.

(तोच दिवस, नंतर.) विजय. मध्यापर्यंत गेलो आणि परतलो. मध्यावर वल्हे एकदा निसटले, वाकलो, थोडे पाणी अंगरख्यात गेले. फारसे नाही. पाण्याखालून कोणी वर येत असल्यासारखे वाटले; माझ्याच वाटेने, उलट दिशेला. प्रतिबिंब असावे. परत कसा आलो ते नीट आठवत नाही, पण आलो आहे, कारण खोलीत बसून हे लिहीत आहे. पाने जरा ओली आहेत.

काठावर बरीच माणसे होती. हाका मारत होती. मी हात केला.

१३ ऑक्टोबर

थंडी जात नाही. कुंडात गळ्यापर्यंत बसलो. पाणी उकळते, इतर लोक लालबुंद होऊन बाहेर पडतात. मला ते विहिरीच्या पाण्यासारखे लागते. एक वृद्ध गृहस्थ आत आले. सुप्रभात म्हणालो. त्यांनी वाफेकडे पाहिले. शिष्टाचार वृद्धांतही राहिलेला नाही.

युकाता, म्हणजे स्नानानंतरचा सुती झगा, अंगावर घेताना हात आपोआप उजवी बाजू डाव्यावर आणतात. प्रेताला नेसवतात तसे. सोडले, पुन्हा नेसलो. पुन्हा तसेच. तीन वेळा.

खोलीत आलो. माझ्या आसनावर एक मनुष्य बसला होता. पाठमोरा. काळे दाट केस, नुकतेच पुसलेले.

मी बराच वेळ दारात उभा राहिलो. मला कोणीच आत या म्हटले नाही. आणि रिकामे आसन एकच होते.

१३, सायंकाळी

त्याला सगळे उसामिसाहेब म्हणतात.

किनुबाई म्हणते. मालकीणबाई म्हणतात. पांथगृहाच्या वहीत माझ्या नावापुढे त्याची सही आहे; अक्षर माझ्याहून चांगले. चेहऱ्यास कोणी हरकत घेत नाही. तो म्हणाला, काल होडीत वल्हे निसटले, थोडक्यात बचावलो. फुमिएने त्याच्या खांद्यावर शाल टाकली आणि म्हणाली, अहो, या वयात असले खेळ शोभतात का.

या वयात! एकोणतीस!

पण ती त्याला अहो म्हणाली. ज्या सुरात मला म्हणे, त्याच. मग त्याने पर्वताने स्वतःचे मस्तक उडवले तो विनोद सांगितला. माझा. वरिष्ठांसह, शब्दशः.

ती हसली. बाही तोंडाला लावून हसली. पंधरा वर्षे असले विनोद मी —

१४

किनुबाईने ताट माझ्यापुढे ठेवले. वाकून म्हणाली, "मिनेगिशिसाहेब, जेवून घ्या."

मी सांगितले, मी उसामि. ओरडून सांगितले. सर्व पदव्या सांगितल्या, आरंभापासून. गटारमार्तंडापर्यंत आलो तोवर ती निघून गेली होती.

भूक आहे. हात वाटीपर्यंत जातो. झाकण उचलत नाही. इतके जड —

फुमिए आली. तिने उचलले. आत पाहिले.

कोरडे.

निःश्वास. मी मोजला. लांब होता. पंधरा वर्षांत इतका — आता तो माझा. पण नाव त्याचे. ती कोणासाठी —

विचारता येत नाही.

१५ असावी

तो ताटाकडे पाहतो. फुमिए माझ्या आसनाकडे वळली की त्याचा जबडा आवळतो. आज तिने दोन अंडी सोलून माझ्या ताटात ठेवली. त्याने ती मोजली. दोन्हींची मापे नजरेने घेतली. ती नजर मी ओळखतो. पंधरा वर्षे माझ्याकडेच होती.

ती बाहेर गेली की — तो एकटा आणि ताट —

खा. खा बाबा. मासा उत्तम आहे.

त्याने हात पुढे केला. झाकणाला बोट लावले.

मग माझ्याकडे पाहिले. सरळ, डोळ्यांत. आणि हसला, वल्हे उंचावल्यासारखा. हात मागे घेतला.

तो माझ्याहून हुशार आहे. हे मला नेहमीच —

?

बॅगा दारात. बस सव्वाअकराची. फुमिए ओसरीतून एकदा मागे वळली. खिडकीकडे, माझ्याकडे. ओठ हलले. नवरा, असे काही — काच होती मध्ये — ऐकू —

तो म्हणाला, चला.

किनुबाई ताट मांडते आहे. एकच. पुढल्या वर्षीही मांडेन म्हणाली. कोणाला म्हणाली —

अक्षर फुटते आहे. पान ओले.

आणि ही खिडकी. अजून बोटभर उघडीच. वारा नेमका मानेवर. पहिल्याच दिवशी सांगितले होते, तिने सुताराला सांगते म्हटले होते, आज इतके दिवस झाले, सुतार नाही, निदान कागदाची घडी तरी कोणी —